एक वीत सूत

प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी मी शहाद्याच्या बाजारात चिकनच्या दुकानावर थांबते. पर्समधून छोटी बाटली काढून देते. तिच्या तळाशी सायट्रेटचं थोडं द्रावण असतं, म्हणजे रक्त गोठत नाही. दुकानदाराला आता काही सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी ते रक्त काचपट्टीवर पसरतं, आणि शेजारच्या काचपट्टीवर प्रत्येकाचं स्वतःचं, बोटाला टोचून काढलेलं. दोन्हींवर लीशमनचा रंग. २६ वर्षं हे चालू आहे, आणि २६ वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेलं कुणी ना कुणी तोच प्रश्न विचारतं.

कोंबडीच्या प्रत्येक तांबड्या पेशीत मधोमध एक जांभळा, घट्ट, लांबट ठिपका दिसतो. माणसाच्या तांबड्या पेशीत तो नसतो. नुसती गुलाबी चकती, मध्यावर जरा फिकी.

"मॅडम, आपल्यातलं केंद्रक गेलं कुठे?"

मी एका वाक्यात उत्तर द्यायचे. पेशी तयार होताना ते बाहेर टाकलं जातं, म्हणजे हिमोग्लोबिनला जागा होते. मुलं वहीत लिहून घ्यायची आणि आम्ही पुढे सरकायचो. त्या उत्तरात काय काय राहून जात होतं ते मला पुढे एका मुलीने दाखवलं. तिच्याकडे मी येतेच, पण तिचा प्रश्न कळायला आधी हे केंद्रक आतून बघावं लागेल.

त्याच काचपट्टीवर पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या बहुतेकींचं केंद्रक एकसंध गोळा नसतं. तीन-चार फोडी, मधे बारीक दोऱ्याने जोडलेल्या. या पेशींना बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधल्या अगदी चिंचोळ्या फटींतून अंग काढत जखमेपर्यंत जायचं असतं, आणि गोल टणक केंद्रक तिथे अडलं असतं. मुलींच्या रक्तात आणखी एक गोष्ट सापडते. शंभरेक पेशी धीराने बघितल्या की दोन-तीन पेशींत केंद्रकाच्या एका फोडीला चिकटलेली इवलीशी टिपरी दिसते, ढोलाच्या टिपरीसारखी, देठ आणि वर गोळा. काठी गावच्या होळीला ज्यांनी ते मोठाले ढोल जवळून ऐकलेत, त्या पाड्यांवरच्या मुलींना ही टिपरी सापडली की वर्गात जो गलका होतो तो मी कधीच थांबवत नाही.

ती टिपरी म्हणजे त्यांचं एक एक्स गुणसूत्र. मुलीच्या पेशीत दोन एक्स असतात, आणि पेशी त्यांतलं एक बहुतांशी आवळून बंद करून ठेवते. मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी इवार्ट बर्ट्रम यांना १९४९ साली मांजरीच्या चेतापेशींत असा गडद ठिपका दिसला होता. तो ठिपका म्हणजे बंद केलेलं एक्स, आणि कोणतं बंद करायचं हे गर्भ अगदी लहान असताना पेशीपेशीगणिक वेगवेगळं ठरतं, हे मेरी लायन यांनी १९६१ साली मांडलं. काळे-पिवळे ठिपके असलेली मांजर अंगणात फिरते, तिच्या अंगावर हेच लिहिलेलं असतं.

आता मापं. मापं सांगायला मी कापूस घेते, कारण आमच्याकडे कापूस न हाताळलेलं पोर सापडणं कठीण.

केंद्रकाचा व्यास साधारण १० मायक्रॉन धरू, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. एवढ्यात माणसाचा सगळा डीएनए असतो, ४६ तुकड्यांत, आणि ते तुकडे एकापुढे एक ठेवले तर लांबी भरते २ मीटर. हे १०,००० पट मोठं करून बघायचं. केंद्रक होईल १० सेंटिमीटरचं, मोठ्या कवठाएवढं. आणि सूत होईल २० किलोमीटर. शहाद्याहून निघालेला माणूस प्रकाशाच्या पुलावरून तापी ओलांडून आणखी बराच पुढे जाईल, एवढं. जाडी किती? डीएनएची जाडी २ नॅनोमीटर, ती १०,००० पट केली की ०.०२ मिलिमीटर. बोंडातून ओढून काढलेल्या कपाशीच्या एका तंतूची जाडी साधारण तेवढीच असते. मी तो एक तंतू खिडकीच्या उजेडात धरते. असा, २० किलोमीटर, या कवठात.

"मावणारच नाही," मुलं म्हणतात. मग फळ्यावर गणित करायला लावते. २० किलोमीटर सुताचं आकारमान निघतं जेमतेम ६ मिलिलिटर, चहाच्या सव्वा चमच्याइतकं. कवठाच्या पोकळीत अर्धा लिटर मावतं. म्हणजे जागा भरपूर आहे. आत प्रथिनांची आणि इतर द्रव्यांची गर्दी असते तरीही आहे. अडचण आहे ती गुंत्याची. या २० किलोमीटरमधली नेमकी पाहिजे ती वीतभर जागा, पाहिजे त्या वेळी, पाहिजे त्या पेशीने कशी काढायची? आणि जी नको आहे ती वाटेत येऊ नये म्हणून कुठे ठेवायची?

माझे वडील एका जिनिंगमध्ये मापाडी होते. दिवाळीनंतर गाड्या लागायच्या. कापूस जिनात गेला की सरकी एकीकडे पडायची आणि रुई दुसरीकडे. रुईची ती खोली मला अजून आठवते. गुडघ्यापर्यंत पाय रुतायचे, हात घातला तर कुठूनही आरपार जायचा. मग प्रेस. तीच रुई लोखंडी पट्ट्यांनी आवळून गाठ व्हायची, १७० किलोच्या आसपास, आणि तिच्यात बोट खुपसून दाखवा म्हणून आम्ही पोरं एकमेकांशी पैज लावायचो. कापूस तोच असायचा. हात कुठे शिरतो आणि कुठे नाही, एवढाच फरक पडायचा.

पेशीच्या केंद्रकात रुई आणि गाठी दोन्ही असतात. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने कापड रंगवायच्या कारखान्यांमुळे नुकतेच मिळू लागलेले कृत्रिम रंग पेशींवर टाकले आणि केंद्रकातला जो भाग रंग पकडतो त्याला १८८० च्या सुमारास क्रोमॅटिन नाव दिलं. ग्रीकमध्ये क्रोमा म्हणजे रंग. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत गुणसूत्राला रंगसूत्र म्हणत. मला तो शब्द जास्त आवडतो, त्यात रंगही आहे आणि सूतही. १९२८ साली एमिल हाइट्झ यांना शेवाळाच्या जातकुळीतल्या वनस्पतींत दिसलं की पेशीविभाजन संपल्यावर या सुताचा काही भाग सैल होऊन फिका पडतो आणि काही भाग गडदच राहतो. सैल भागाला युक्रोमॅटिन आणि गडद भागाला हेटरोक्रोमॅटिन ही नावं त्यांनीच दिली. पुढे कळत गेलं की वाचली जाणारी जनुकं बहुतेक सैल भागात असतात. गडद गठ्ठ्यात वाचणारी प्रथिनं सहसा शिरू शकत नाहीत.

गुंडाळायची रीतही सुबक आहे. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांची एक चकती, आणि तिच्याभोवती डीएनएच्या अक्षरांचे १४७ जोड, पावणेदोनला थोडे कमी वेढे. मग थोडं मोकळं सूत, मग पुढची चकती. रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ साली ही रचना मांडली, आणि त्याच वर्षी एडा आणि डोनाल्ड ओलिन्स या जोडप्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रं प्रसिद्ध केली, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी. हिस्टोनला शेपट्या असतात, त्या मण्याबाहेर लोंबतात, आणि त्यांवर पेशी रासायनिक खुणा करते. एका खुणेने सूत सैल पडतं, दुसरीने आवळलं जातं. वखारीत गाठीवर खडूने खूण करत तशा, आणि पुसताही येतात अशा.

जागेचंही ठरलेलं असतं. कार्ल राब्ल यांनी १८८५ मध्ये आणि थिओडोर बोव्हेरी यांनी १९०९ मध्ये अंदाज केला होता की प्रत्येक गुणसूत्र केंद्रकात आपापल्या जागेत राहतं. जर्मनीतल्या थॉमस आणि क्रिस्टोफ क्रेमर या भावांच्या लेसरच्या प्रयोगांनी त्याला पुरावा मिळाला. मी वर्गात म्हणते, प्रत्येकाचं आपलं वावर आहे, बांध मात्र कच्चा. काम चालू असलेला भाग कधी बांधावरून बाहेर डोकावतो. आणि बंद गठ्ठे बहुतेक कडेला, केंद्रकाच्या भिंतीला लागून. या भिंतीला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनांची जाळी असते, पऱ्हाटीच्या कुडासारखी, आणि गठ्ठे तिला अडकवलेले असतात. लॅमिन-ए च्या जनुकात एका विशिष्ट ठिकाणी बिघाड झाला की मूल पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून म्हातारं दिसू लागतं. प्रोजेरिया. २००३ साली ते कारण सापडलं. त्या मुलांच्या पेशींत केंद्रकाला पोचे पडलेले दिसतात आणि कडेचे गठ्ठे सुटतात. कूड ढासळला की आतल्या संसाराचं काय होतं, ते इतक्या लहान जागेतही तसंच.

एका अपवादाबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. उंदराच्या डोळ्यातल्या, अंधारात बघायच्या पेशींत सगळं उलटं असतं. गठ्ठे मधोमध, सैल सूत कडेला. इरिना सोलोव्हेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की निशाचर सस्तन प्राण्यांत हे असं असतं, आणि मधला तो गडद गोळा चक्क बारीक भिंगासारखं काम करतो, उजेड विखरू देत नाही. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या या पेशी चारचौघींसारख्याच असतात. पुढच्या काही आठवड्यांत गठ्ठे कड सोडून हळूहळू मध्याकडे येतात. तोरणमाळच्या मुक्कामात रात्री पाचोळ्यात काही सळसळलं की मला ते भिंग आठवतं. डीएनए म्हणजे नुसता मजकूर असं आपण धरून चालतो, आणि इथे त्याची घडीच नजरेच्या कामी येते.

आता ती मुलगी.

धडगावकडची, पावरा आदिवासी, वसतिगृहात राहणारी. हाताने नीट, जर्नल स्वच्छ, पण डिसेंबर-जानेवारीत गैरहजर. एकदा सलग बारा दिवस आली नाही. आली तेव्हा मी जर्नलवर सही करायला नकार दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, काम टाळायची सवय लागली की सुटत नाही. ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिच्या खोलीतली दुसरी मुलगी माझ्या घरी आली आणि दारातच म्हणाली, "मॅडम, तिला सिकल आहे. रात्रभर पाय धरून बसते."

मी वर्षानुवर्षं सिकलसेल शिकवत होते. एका अक्षराच्या चुकीचं उदाहरण म्हणून. अकराव्या गुणसूत्रावर बीटा-ग्लोबिनचं, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका घटक प्रथिनाचं जनुक, त्यात एका ठिकाणी ए या अक्षराऐवजी टी, त्यामुळे त्या प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. मग प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून कांड्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत हे जनुक पिढ्यांपासून आहे, कारण एकच प्रत असलेल्याला ते तीव्र मलेरियापासून राखतं. दोन्ही प्रती सदोष आल्या की आजार. थंडी, कमी पाणी, अंगमेहनत, काहीही निमित्त पुरतं. हे सगळं मला पाठ होतं, आणि समोर बसलेल्या मुलीच्या अंगात ते चाललंय हे मला दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोरच, कारण बोललेही सगळ्यांसमोर होते.

आठवड्याने ती प्रयोगशाळेत आली, एकटी.

"मॅडम, आई सांगते, मी जन्मले तेव्हा चांगली होते. पाच-सहा महिने काही नव्हतं. मग एकदम हाताची आणि पायाची बोटं सुजली, मी रडायची थांबेना. तिला वाटलं कुणाची नजर लागली. चूक तर जन्मापासून होती ना? मग आधी का नाही दुखलं?"

मला अर्धंच उत्तर येत होतं. बाकीचं शोधायला मी पुढचे कित्येक महिने घालवले, आणि तेव्हापासून माझं शिकवणं बदललं.

अर्धं उत्तर जुनं आहे. जेनेट वॉटसन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९४८ साली नोंदवलं होतं की सदोष जनुक घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फार कमी दिसतात. त्यांनी ते गर्भातल्या हिमोग्लोबिनशी जोडलं. पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायचा असतो, म्हणून त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, प्राणवायू जास्त घट्ट धरणारं. त्यात बीटाच्या जागी गॅमा असतो. गॅमाचं जनुक वेगळं, त्यात ती चूक नाही, आणि गॅमावालं हिमोग्लोबिन कांड्या बनूच देत नाही. जन्माच्या वेळी बाळाचं बहुतेक हिमोग्लोबिन हेच असतं. सहा महिन्यांत ते ओसरतं, बीटा वर येतो. आणि बोटं सुजतात.

"म्हणजे आईच्या पोटात माझं रक्त बरं होतं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "ते जनुक नंतर जातं कुठे?"

ते कुठेच जात नाही. हे मला तिला नीट दाखवायचं होतं, म्हणून मी पुन्हा सूत घेतलं.

त्या २० किलोमीटर सुतात अकराव्या गुणसूत्राचा तुकडा येतो साधारण ४६० मीटरचा. त्यावर ग्लोबिनच्या जनुकांचा हा कुटुंबकबिला जेमतेम एका वितीत बसतो. मी टेबलावर माझी वीत ठेवली. अंगठ्याच्या टोकाशी एक जागा आहे, जनुक नव्हे, तर पुढच्या जनुकांना चालू करणारी. तिला लोकस कंट्रोल रीजन म्हणतात. १९८७ मध्ये फ्रँक ग्रोसवेल्ड आणि सहकाऱ्यांनी तिचं बळ दाखवून दिलं. मी तिला नुसती कळ म्हणते. कळीपुढे ओळीने एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, आणि करंगळीच्या टोकाशी बीटा. गंमत अशी की आयुष्यात त्यांची पाळी याच क्रमाने येते. पहिले काही आठवडे एप्सिलॉन, मग जन्मापर्यंत गॅमा, मग मरेपर्यंत बीटा. त्या मुलीच्या रक्तातली चूक बीटामध्ये, करंगळीशी, आणि या मापातही ती कापसाच्या तंतूच्या जाडीपेक्षा बारीक.

कळ अंगठ्याशी, जनुक करंगळीशी, मग चालू कसं होतं? सूत वाकतं. मी अंगठा आणि करंगळी जुळवून दाखवलं. २००२ साली रॉटरडॅमच्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या पेशींत हे सिद्ध केलं. पद्धत जॉब डेकर यांनी त्याच वर्षी मांडलेली. आमच्या प्रयोगशाळेत बेडूक ज्यात बुडवून ठेवलेत त्या फॉर्मॅलिनमधलंच द्रव्य पेशींवर टाकायचं, म्हणजे सुताचे जे दोन भाग त्या क्षणी एकमेकांजवळ असतील ते तसेच जखडतात. मग सूत कापायचं, जवळची टोकं जोडायची, आणि कोणाची गाठ कोणाशी पडली ते वाचायचं. रक्त बनवणाऱ्या पेशीत कळ आणि चालू जनुक एकत्र सापडले, मधलं सूत फासासारखं बाहेर लोंबत होतं. मेंदूच्या पेशीत तोच डीएनए सरळ पडलेला.

पुढे कळलं की असे फास पेशीत सतत पडत आणि सुटत असतात. कोहेसिन नावाचं एक कड्यासारखं प्रथिन सूत धरून ओढत राहतं, २०१९ मध्ये ते होताना प्रत्यक्ष पाहिलं गेलं. हे फास मिनिटांच्या हिशेबात टिकतात. माझी गाठीची उपमा इथे अपुरी पडते. प्रेसमधली गाठ गिरणीत पोचेपर्यंत तशीच राहते, केंद्रक मात्र एक क्षणही स्वस्थ नसतं.

तर, बाळ पोटात असताना कळ गॅमाला टेकते, जन्मानंतर गॅमाला सोडून बीटाला. हातात धरून दाखवायचं तर अंगठा अनामिकेवरून करंगळीवर सरकावा एवढाच फरक. त्याला भाग पाडणारं एक प्रथिन आहे, बीसीएल११ए. बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय संकरन यांनी २००८ मध्ये त्याचं हे काम दाखवलं. ते गॅमापाशी बसतं आणि त्याला गप्प करतं. गप्प झालेल्या जनुकाभोवती सूत आवळलं जातं, खुणा बदलतात. पण ते तिथेच असतं, एक अक्षर न हरवता.

"माझ्यातही?"

"तुझ्या प्रत्येक पेशीत. ज्यांना केंद्रक आहे त्या सगळ्यांत."

ती तिच्या स्वतःच्या वितीकडे बघत राहिली. मला का कोण जाणे आजीची आठवण झाली. आमच्या घरी जुनं लुगडं कुणी टाकायला काढलं की ती हातातून घ्यायची. "फेकू नको माय, घडी करीसन ठेव. काममा यी." तिच्या पेटीच्या तळाशी असलेल्या त्या घड्यांनी आमच्या घरातली चार बाळंतपणं निभावली.

२०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या गेर्ड ब्लोबेल यांच्या गटाने प्रौढ माणसांच्या रक्तपेशी घेऊन, कळ आणि गॅमा यांना मुद्दाम जवळ आणणारं प्रथिन बनवून आत सोडलं. सूत पुन्हा जुन्या जागी वाकलं आणि वर्षानुवर्षं गप्प असलेलं गॅमाचं जनुक बोलू लागलं. डीएनएच्या मजकुरात काहीही न बदलता, फक्त घडी बदलून. हा प्रयोग मी वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी तिला फोन केला, आणि सांगताना माझा आवाज कापत होता.

तिच्या आयुष्यात मात्र जे आलं ते साध्या गोळीच्या रूपात. हायड्रॉक्सीयुरिया. रोज घेतली की अनेकांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं आणि वेदनेचे झटके कमी होतात. तिचे झालेत. मुळात आपल्याकडच्या बऱ्याच आदिवासी रुग्णांत हे हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या अनेक रुग्णांपेक्षा जास्त टिकून राहतं, म्हणून आजार काहींत सौम्य असतो. पण सौम्य हा शब्द दवाखान्याच्या कागदावरचा आहे. रात्री पाय धरून बसलेल्या पोरीसमोर मी तो पुन्हा कधी वापरला नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने एका नव्या उपचाराला परवानगी दिली. रुग्णाच्या रक्तमूळपेशी बाहेर काढून त्यांत बीसीएल११ए च्या जनुकाला नव्हे, तर तांबड्या पेशीत त्याला चालू करणाऱ्या लहानशा जागेला कात्री लावायची. बीसीएल११ए तांबड्या पेशींपुरतं मंदावतं, कळ गॅमाकडे वळते. सिकलची मूळ चूक तशीच राहते, तिला कुणी हात लावत नाही, आणि तरी बहुतेक रुग्णांचे झटके थांबले. परवानगी मिळाली तेव्हा अमेरिकेतली त्याची किंमत होती २२ लाख डॉलर. उपचाराआधी केमोथेरपीने हाडांतली, रक्त बनवणारी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, ते वेगळंच. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेतही सिकलसाठी जनुकसंपादनाचं काम चालू आहे. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट घेऊन. मला वाटतं, ज्या डोंगरांत हा आजार आहे तिथे हा उपचार पोचेपर्यंत त्याचं कौतुक अर्धवटच राहील, आणि तोवर गोळी, फॉलिक ॲसिड, पाणी, उबदार पांघरूण आणि वेळेवर तपासणी यांचं महत्त्व कणभरही कमी होत नाही.

आणि केंद्रक गेलं कुठे, हा पहिला प्रश्न. आता मी त्याला एक पूर्ण तास देते.

अस्थिमज्जेत तांबडी पेशी घडत असताना तिचं केंद्रक दिवसेंदिवस आवळत जातं. रुईची खोली गाठ होत जावी तसं. बाकीचं सगळं मिटत येतं तरी ग्लोबिनची ती वीतभर जागा शेवटपर्यंत काम करत असते. मग ती गाठ पेशीच्या एका कडेला जाते, आणि पेशी तिला बाहेर ढकलते. शेजारी उभी असलेली भक्षकपेशी ती लगेच गिळते. आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात, म्हणजे दर सेकंदाला तितकीच केंद्रकं अशी निरोप घेतात. कोंबडी ती टाकत नाही. एच५ नावाच्या खास हिस्टोनने ती इतकी आवळते की ती बंद पडूनच राहतात, आणि तोच आमच्या काचपट्टीवरचा घट्ट जांभळा ठिपका.

केंद्रक गेलं की त्या पेशीला काही बदलता येत नाही. जे हिमोग्लोबिन भरलं त्याच्यावर १२० दिवस काढायचे. सिकलची पेशी १० ते २० दिवसच काढते. म्हणून जे काही व्हायचं ते मज्जेत, ती गाठ बाहेर पडण्याआधी, कळ कुठे टेकते त्यावर.

ती मुलगी आता तिच्याच भागात आरोग्य उपकेंद्रात काम करते. लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासून घ्या, हे ती पावरीत समजावते. माझ्या मराठीतून ते तिथे कधीच पोचलं नसतं. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्या चुलतबहिणीला मुलगी झालीय. जन्मतःच टाचेतून रक्त घेतलं होतं, दोन्ही प्रती सदोष निघाल्या. औषधं ठरल्याप्रमाणे सुरू आहेत. बाळाच्या आईला तिने शिकवून ठेवलंय की अंघोळ घालताना रोज हातपाय नीट बघायचे.

"किती महिन्यांची झाली?"

"पाच पूर्ण, मॅडम. हसते आता. फोटो पाठवते."

रेंज नसावी, फोटो रात्री उशिरा आला. झोळीतलं बाळ, काजळ लावलेलं, दोन्ही मुठी छातीशी. मी फोटो मोठा केला आणि एकेक बोट बघितलं. दहाही सडपातळ होती.